बोलावलं कोणी?

क्लोव्हिस यार्बरोच्या दुकानात खारवलेल्या मांसाच्या पिंपावर ओकची एक लांब फळी ठोकलेली होती. रानटर्कीच्या नराच्या छातीवर काळ्या राठ केसांचा एक झुपका लोंबतो, त्याला आमच्या डोंगरात दाढी म्हणतात. वसंतात जेवढे नर मारले जायचे तेवढ्यांच्या दाढ्या त्या फळीवर खिळ्यानं ठोकायच्या आणि खाली सुतारी पेन्सिलीनं नाव लिहायचं, असा रिवाज. आता नाव कुणाचं? परका माणूस म्हणेल, ज्यानं मारला त्याचं. तिथंच तो फसतो. बंदुकीचा चाप काय, कुणीही ओढतो. नाव लिहायचं ते ज्यानं त्या नराला मादीच्या आवाजात साद घालून जवळ आणला त्याचं.

सेंट लुइस शहरातला एक दातांचा डॉक्टर चार वर्षं हॉलिस लॅकीबरोबर शिकारीला येत होता. चारही वर्षं त्याच्याच बंदुकीनं नर पडले. पाचव्या वर्षी तो बायकोला फळी दाखवायला घेऊन आला. बघतो तर चारही दाढ्यांखाली हॉलिस लॅकी, हॉलिस लॅकी. डॉक्टर टोमॅटोसारखा लाल झाला.

"अहो, हे माझे आहेत!"

"मांस तुमचंच होतं की," क्लोव्हिस म्हणाला. "खाल्लंत ना?"

"खाल्लं."

"मग झालं तर."

आणि लिहिण्याआधी क्लोव्हिसनं मोठ्यानं विचारायचंच, "बोलावलं कोणी?" दुकानात एकच माणूस असला, त्याच्याच खांद्यावर पक्षी असला, तरी विचारायचं. ज्यानं बोलावलं असेल त्यानं म्हणायचं, "मी." एवढंच. त्याच्या पुढंमागं शब्द नाही. ज्या डोंगरात मासा किती मोठा होता हे सांगताना दोन्ही हात पुरत नाहीत, तिथं या एका शब्दाला कुणी खोट लावत नसे.

हॉलिसची बायको ऑर्फा हिला त्या फळीवर आपलं नाव हवं होतं. बाकी तिनं आयुष्यात फार काही मागितलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं जेवण रांधायची, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. पण फळीवर नाव हवं होतं, आणि त्याला कारण होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये तिनं एकदा विचारलं होतं, "हॉलिस, मला नेशील का रे एकदा जंगलात?"

हॉलिस बूट चढवत होता. म्हणाला, "या शिकारीत एकच गोष्ट लागते, ऑर्फा. गप्प बसणं. आता तूच सांग, बाईमाणसाला ते जमायचं का?"

घरात म्हणाला असता तर तिनं गिळलंही असतं. पण गड्यानं ते दुकानात जाऊन सांगितलं. माणसं पोट धरधरून हसली. तेव्हापासून पंचवीस वर्षं, एप्रिल लागला की कुणीतरी तिला हटकायचंच, "काय ऑर्फा, शिकलीस का गप्प बसायला?"

गंमत बघा, सगळ्या डोंगरात तिच्याइतकी अबोल बाई नव्हती. घरात तोंड चालायचं ते हॉलिसचं.

असे पंचवीस वसंत ती पहाटे उठून त्याला कॉफी आणि मक्याचा पाव करून देत आली. त्यानं आणलेले पक्षी गरम पाण्यात बुचकळून पिसं काढत आली. पक्षी फाडला की गळ्यातली पिशवी उघडून बघायची तिला खोड होती. कधी आत ओकची फळं, कधी टोळ, कधी ओढ्याकाठचा कोवळा पाला. त्या आठवड्यात पक्षी कुठं चरतायत हे हॉलिसला जंगलात चार दिवस हिंडून कळायचं. तिला मोरीवर पाच मिनिटांत. पण विचारलं कुणी?

हॉलिस तीस वर्षं लाकूड कापण्याच्या गिरणीत गोल करवतीशेजारी उभा राहिला. कान एका दिवसात जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग चर्चमधली पेटी गेली, मग बायको गेली. बायको गेल्याचं त्याला जाणवलं नाही. टर्की गेल्याचं जाणवलं.

पंचविसाव्या वसंतात तो तीन दिवस रिकाम्या हातानं परत आला. "यंदा पक्षी बोलतच नाहीत," म्हणाला. ऑर्फा मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती आणि तिला तीन बाजूंनी तीन नर गडगडताना ऐकू येत होते. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मागच्या घळीत नर बोलतोय. ऐक."

हॉलिस ओसरीच्या कडेला आला. मान तिरकी करून उभा राहिला. चांगला मिनिटभर.

"हां, हां," तो म्हणाला. "आला की ऐकू."

त्या मिनिटात नर एकदाही बोलला नव्हता.

दोघांनाही कळलं. हॉलिस बोटांची नखं बघत म्हणाला, "उद्या चलतेस का? कॉफीची बाटली धरायला."

अशी ऑर्फा लॅकी शेहेचाळिसाव्या वर्षी शिकारीला लागली.

आता हॉलिसचं एक मान्य करायला पाहिजे. शिकवायला बसला की माणूस सोनं होता. काही राखून ठेवलं नाही. संध्याकाळी डोंगराच्या धारेवर नेऊन त्यानं तिला पहिला धडा दिला. सूर्य बुडताना पक्षी झाडावर चढतात. पंखांचा फडफडाट कुठून आला ते ऐकायचं, आणि ते झाड डोक्यात ठेवून घरी जायचं. आवाज आला नाही तर घुबडासारखं घुमायचं. घुबडाचा राग येऊन नर झाडावरूनच खेकसतो आणि आपली जागा सांगून बसतो.

"म्हणजे राग आला की गप्प बसवत नाही त्याला," ऑर्फा म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

उजाडायच्या आत त्या झाडापासून दीडदोनशे पावलांवर जायचं, आणि त्याच्या वरच्या अंगाला, कारण नर चढ चढून येतो पण उतरायला कुरकुरतो. पाठीशी आपल्या खांद्यांपेक्षा रुंद झाड हवं. "मागून कुणा येड्यानं बार काढला तर झाड खाईल," हॉलिस म्हणाला. अंगावर लाल, पांढरा, निळा कपडा नको, कारण नराचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं. तिची निळ्या फुलांची ओढणी त्यानं गाडीतच ठेवायला लावली. पक्ष्याच्या आवाजामागं चालत जायचं नाही, कधीच नाही.

"का?"

"तो पक्षी नसून साद घालत बसलेला डेल्मर टॅकेट असला तर? मग त्याच्या बायकोला काय सांगशील?"

"अभिनंदन," ऑर्फा म्हणाली. हे मात्र हॉलिसनं ओठांवरून ओळखलं आणि तो इतका मोठ्यानं हसला की त्या सकाळी त्या घळीत काही बोललं नाही.

डोकं आणि मान सोडून कुठं मारायचं नाही. चाळीस पावलांच्या पलीकडं मारायचं नाही. दाढी दिसल्याशिवाय तर बंदूक उचलायचीच नाही. आणि दुपारी एक वाजला की मुकाट घरी, तो कायदाच.

साद घालायची ती सीडरच्या लाकडाच्या पेटीनं. हातभर नाही, वीतभरच पेटी. वरचं झाकण खडू लावून कडेवर घासलं की मादी बोलते, क्योंक, क्योंक, क्योंक. हॉलिसनं ती पेटी तिच्या हातात दिली नाही. पण त्यामागचं मर्म सांगितलं. "हे बघ, खरं तर मादी नराकडं जाते. तो एका जागी पिसारा फुलवून उभा राहतो आणि ओरडतो, ये. आपण उलटं करायला निघालोय. त्यानं उठून तिच्याकडं यावं म्हणून. म्हणून थोडंच बोलायचं. एकदा हाक द्यायची आणि मग मेल्यासारखं पडून राहायचं. त्याला वाटलं पाहिजे, ही बया अजून का आली नाही?"

"पंचवीस वर्षं मी मेल्यासारखीच पडलीय," ऑर्फा झाडाकडं बघून म्हणाली. "अजून कुणी आलं नाही."

जंगलात बोलायची सोय नव्हती, बहिऱ्या माणसाशी तर नाहीच. तो कुजबुजला तरी अर्ध्या डोंगराला ऐकू जायचं. म्हणून त्यांनी खूण ठरवली. नर डावीकडं बोलला की तिनं त्याचा डावा गुडघा दाबायचा, उजवीकडं असला की उजवा. लांब असला तर एकदा, जवळ आला तर दोनदा. मग हॉलिस पेटी उचलायचा. हाताला अजून सगळं आठवत होतं. त्या वसंतात दोन नर मिळाले आणि दोन्ही वेळा क्लोव्हिसनं विचारल्यावर हॉलिस म्हणाला, "मी." ते खरंच होतं. ऑर्फाला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या तीन आठवड्यांत ती घरात गुणगुणायला लागली होती. पंचवीस वर्षांत नवऱ्यानं तिचं म्हणणं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं, मग ते गुडघ्यानं का होईना.

त्याच उन्हाळ्यात जुनी एकखोली शाळा पाडली. फळ्याच्या दगडी पाटीचा एक तळहाताएवढा तुकडा ऑर्फानं उचलून आणला. सीडरची काडी आणि दाणे काढलेल्या कणसाची मूठ तिनं स्वतः केली. पाटीवर काडी फिरवली की मादी बोलते. पेटीपेक्षा मऊ, पेटीपेक्षा खरी. हिवाळाभर तिनं सराव केला. कुठं? स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, हॉलिस समोर पेपर वाचत बसलेला असताना. त्यानं पेपरातून मान वर केली नाही.

दुसऱ्या वसंतात हॉलिसची पेटी बिघडली. झाकणाचा स्क्रू ढिला झाला होता, लाकूड दमट लागलं होतं, आवाज फाटकाच्या बिजागरीसारखा यायचा. ज्याला ऐकू येतं तो स्क्रू पिळतो. हॉलिस घासत राहिला. नर शंभर पावलांपर्यंत यायचे, ते कर्र ऐकायचे, आणि टाचेवर वळून चालू लागायचे. चार सकाळी ऑर्फानं हे बघितलं. पाचव्या सकाळी गाडीत तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "पेटी बिघडलीय, हॉलिस. मला बोलावू दे."

"हो हो, गार आहे खरं," हॉलिस म्हणाला.

त्या दिवशी ती ओकच्या बाजूच्या अंगाला बसली, त्याच्या खांद्याच्या जरा मागं, हात त्याला दिसणार नाहीत अशी. त्यानं पेटी घासून खाली ठेवली. समोरच्या घळीतला नर गप्प झाला. तिनं काडी पाटीवर ठेवली आणि तीनदा फिरवली. नर ओरडला. तिनं उत्तर दिलं नाही. तो पुन्हा ओरडला, जवळून. तिनं हात लांबवून हॉलिसचा गुडघा दोनदा दाबला. पुढच्या दहा मिनिटांत तो नर पिसारा फुलवून, मान निळीपांढरी करून, हॉलिसच्या बंदुकीपुढं पंचवीस पावलांवर येऊन उभा राहिला.

पक्षी खांद्यावर टाकताना हॉलिसचे डोळे भरून आले होते. "बघितलंस? हात विसरला नाही अजून."

ऑर्फानं तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "मला वाटलं होतं संपलं सगळं." तिनं तोंड मिटलं.

फळीवर हॉलिस लॅकी लागलं. ती पिंपाजवळ उभी होती. एक गिळता येतं माणसाला.

पुढच्या आठवड्यात तसंच झालं. तीच घळ, तोच ओक, पेटीचं कर्र, पाटीचं क्योंक, आणि बार. एवढंच की त्या दिवशी पलीकडच्या धारेवर डेल्मर टॅकेट बसला होता, आणि डेल्मरचे कान मांजराचे. दोघं दुकानात पोचली तेव्हा तो आधीच पिंपावर बसून खारे शेंगदाणे खात होता. आणखी तिघंचौघं होते.

"हॉलिस!" डेल्मर ओरडला. "आज खालच्या घळीत दोन माद्या होत्या की रे!"

"काय?"

"दोन माद्या! एक बोलत होती गोठ्याच्या फाटकासारखी. दुसरी अशी बोलत होती, अरे, अशी, की मीच उठून तिच्याकडं निघालो होतो!"

सगळे हसले. हॉलिसनं हसणारी तोंडं बघितली आणि तोही हसला. "हो ना," म्हणाला. बहिऱ्याचं ते हसणं ऑर्फाला पाठ होतं.

क्लोव्हिसनं सरकारी वहीत पक्षी लिहून घेतला, दाढी कापली, खिळा दातात धरला आणि रिवाजाप्रमाणं, तोंड हॉलिसकडं करून, विचारलं, "बोलावलं कोणी?"

"मी," हॉलिस म्हणाला.

तिथं थांबला असता तर कदाचित तिनं हेही गिळलं असतं. पण लोक हसले होते, त्याला वाटलं दुकान खुशीत आहे. ऑर्फाकडं अंगठा करून तो फळीकडं वळला आणि म्हणाला, "आणि या बाईसाहेब दोन तास गप्प बसल्या. पंचवीस वर्षं लागली, पण शिकली शेवटी!"

दुकान खदाखदा हसलं.

"मी बोलावला," ऑर्फा म्हणाली.

ती हळूच म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. हॉलिस फळीवरच्या जुन्या दाढ्या बोटानं मोजत बोलतच राहिला. पण बाकीच्यांचं हसू तिथल्या तिथं बसलं. क्लोव्हिसनं दातातला खिळा काढला.

"काय म्हणालीस, ऑर्फा?"

"तू विचारलंस ना, बोलावलं कोणी? मी. आजचा मी आणि मागचाही मी."

"बाई, या फळीपाशी कुणी चेष्टा करत नाही," क्लोव्हिस म्हणाला.

तिनं कोटाच्या खिशातून पाटीचा तुकडा काढला, तळहातावर धरला आणि काडी फिरवली. आधी झाडावरची झोपाळू कुजबुज, मग खाली उतरल्याची टकटक, मग ती हाक. क्योंक, क्योंक, क्योंक. दुकानात वसंत शिरल्यासारखं झालं. डेल्मरनं शेंगदाण्याची पुडी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"हीच," तो म्हणाला. "देवाशपथ, हीच ती."

आणि हॉलिस? तो दुकानाकडं पाठ करून मागच्या एका दाढीची गोष्ट सांगत होता, कसा तो नर ओढा ओलांडून आला होता. त्याच्यामागं पाच पावलांवर त्याच्या आयुष्यात ऐकायला मिळाली असती तेवढी सुंदर हाक चालू होती, आणि तो ओढ्याचं सांगत होता. ते बघून एकेकाचा चेहरा उतरत गेला. आधी त्यांना कळलं की बाई खरं बोलतेय. मग त्यांना दुसरं कळलं.

हे ऑर्फाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलं नाव मागताना ती त्याचे कान सगळ्यांसमोर उघडे टाकत होती. दोन वसंत तिनं ते गुपित गुडघ्याखाली दाबून ठेवलं होतं. काडी फिरवताना तिला फक्त पाटी दिसत होती.

कुणी हसत नाही म्हणून हॉलिस वळला. बायकोच्या हातात पाटी, काडी अजून फिरतेय, आणि सगळी माणसं त्याच्याकडं बघतायत. त्यानं त्या काडीकडं बघितलं. ती थांबली.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "डेल्मर? काय झालं?"

डेल्मर जमिनीकडं बघायला लागला. क्लोव्हिसनं दाढी ठोकली आणि खाली लिहिलं, ऑर्फा लॅकी. वाचता तर हॉलिसला येत होतं.

घरी जाताना गाडी त्यानंच चालवली. फाटकापाशी इंजिन बंद करून म्हणाला, "मला जंगलात सांगायचं होतंस."

ती त्याच्याकडं तोंड करून, ओठ नीट हलवून म्हणाली, "सांगितलं होतं. तू म्हणालास, गार आहे खरं."

त्यानंतर हॉलिस दुकानात गेला नाही. मीठ, तेल, छर्रे, सगळं ऑर्फा आणायची. दुकानात आता तिला खुर्ची मिळायची. माणसं विचारायची, "ऑर्फा, या वाऱ्यात कुठं बसावं?" क्लोव्हिस तिला कॉफी द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं. घरी आल्यावर सांगायला कुणी नव्हतं. हॉलिस वाईट वागला असं नाही; तो फक्त तिच्या तोंडाकडं बघायचा थांबला. बहिऱ्या माणसाला एवढं पुरतं. त्यानं मान फिरवली की दुसऱ्याचं बोलणं संपलं.

तिसऱ्या वसंताच्या पहिल्या दिवशी ती डबा भरून गाडीपाशी उभी राहिली. त्यानं डबा घेतला, दार ओढलं आणि एकटा निघून गेला.

डेल्मर तिला म्हणाला, "माझी धार घे. मी ओढ्याकडं सरकतो." ती धार खालच्या घळीच्या अगदी समोर होती. रोज सकाळी ऑर्फा पायी तिथं जायची, आणि रोज उजाडताना समोरून, त्या जुन्या ओकच्या बुंध्यापासून, पेटीचं कर्र ऐकू यायचं. स्क्रू पिळला नव्हता कुणी. पक्षी त्या आवाजाला ओळखायला लागले होते. तो वाजला की निम्मं जंगल गप्प व्हायचं. दहा दिवस हॉलिस तिथं बसला, कुठल्या बाजूला बघायचं हे न कळता.

अकराव्या सकाळी घळीच्या तळाशी, दोघांच्या बरोबर मधे, एक जुना नर झाडावरून उतरला आणि बोलला. आवाजावरूनच कळलं, पाच वर्षांचा तरी असेल. समोरून पेटी कर्र वाजली. योगायोगानं, कारण त्याला काही ऐकू आलं नव्हतं. नर गप्प झाला.

ऑर्फाच्या हातात पाटी होती. ती काय करू शकते हे तिला ठाऊक होतं. धारेवरून खाली उतरून, वळसा घालून, त्या ओकच्या मागं शंभर पावलांवर बसायचं आणि तिथून हाक द्यायची. नर तिच्याकडं जाताना हॉलिसच्या समोरून गेला असता. हॉलिसला वाटलं असतं, हात अजून विसरला नाही. वेळ होता. जागा तिला पाठ होती. ती उठलीसुद्धा, गुडघ्यावर.

मग तिला ते दुकान आठवलं. गेल्या वर्षीचं नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीचं, जिथं ती नव्हतीच, फक्त हसणं रस्त्यावर ऐकू आलं होतं. ती परत खाली बसली, झाडाला पाठ टेकली आणि जिथं होती तिथूनच काडी तीनदा फिरवली.

नर चढ चढून आला. तिनं दाढी बघितली, पावलं मोजली, बार काढला. घळीत आवाज तीनदा फिरला. कावळे उठले. सगळं शांत झाल्यावर समोरून ऐकू आलं, कर्र, कर्र, कर्र.

ती त्या मेलेल्या पक्ष्याशेजारी बराच वेळ बसून राहिली. डॉगवुडची पांढरी फुलं पडत होती. दर वीस मिनिटांनी, तिला शिकवलं होतं तसंच, थोडं बोलून मग बराच वेळ गप्प, पेटी त्या नराला बोलावत होती.

शेवटी तिनं पक्षी उचलला आणि दुकानात नेला. "बोलावलं कोणी?" "मी." पक्षी तिनं डेल्मरच्या झऱ्यावरच्या थंड खोलीत ठेवायला दिला, घरी नेला नाही.

हॉलिस दोनच्या सुमाराला आला. हात धुतले, टेबलाशी बसला. तिनं घेवडा आणि पाव वाढला. दोन घास खाऊन त्यानं मान वर केली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या ओठांकडं बघितलं.

"आज बोलत होता का?"

हे विचारणं त्याला किती जड गेलं असेल हे तिला कळत होतं.

"बोलत होता," ती म्हणाली.

"कुठं?"

"खालच्या घळीत. तुझ्यासमोरच."

"मला वाटलंच." त्याचा चेहरा उजळला. "मोठा आहे?"

"म्हातारा आहे. भारी आवाज."

"एकला पाच कमी होईपर्यंत बसलो होतो. आला नाही, पण जवळ होता म्हणतेस." त्यानं पावाचा तुकडा मोडला. "असले म्हातारे घाई करत नाहीत. उद्या येईल तो. काय वाटतं तुला?"

ऑर्फानं त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला. मग त्याला नीट दिसावं म्हणून तोंड त्याच्याकडं केलं आणि ओठ सावकाश हलवून म्हणाली, "येईल."